भिलाईतून ग्वांगजूकडे पाहताना

२०१७ साली ऑस्करच्या परदेशी भाषेतील चित्रपटांच्या विभागासाठी भारताने ‘न्यूटन’ पाठवला आणि दक्षिण कोरियाने ‘अ टॅक्सी ड्रायव्हर’. ‘न्यूटन’मध्ये एक तरुण सरकारी कारकून बंदुकांच्या पहाऱ्यात जंगलातल्या वस्तीवर मतदान घ्यायला जातो. ‘अ टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये सोलचा एक टॅक्सीवाला चांगल्या भाड्याच्या आशेने एका जर्मन पत्रकाराला घेऊन मे १९८० मध्ये निदर्शकांना चिरडण्यासाठी लष्कराने वेढलेल्या ग्वांगजू शहरात शिरतो. दोघेही नेमून दिलेलं साधं काम करायला निघतात आणि आपल्याच सरकारचा चेहरा फार जवळून पाहून परततात. अमित मसुरकर यांनी ‘न्यूटन’ चित्रित केला तो दल्ली-राजहरा परिसरात. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज जिथून येतं, त्या खाणींच्या गावात. त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला त्या चित्रपटातला लाल मातीचा रस्ता, शाळेच्या पडक्या खोलीतलं मतदान केंद्र आणि जवानांसमोर गप्प उभे राहिलेले आदिवासी यांची वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही. ग्वांगजूच्या बाबतीत मात्र तो कोणत्या शिदोरीवर चित्रपट पाहतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पुढचे लेख याच प्रश्नाभोवती फिरतात.

कोरियन राजकीय चित्रपट भारतात आता घरोघरी पोहोचले आहेत. मोबाइलवर, टीव्हीवर, हिंदी किंवा इंग्रजी उपशीर्षकांसह ते सहज पाहता येतात. पण चित्रपट हाती लागणं वेगळं आणि मनाला भिडणं वेगळं. चित्रपट समोर सुरू असतो तेव्हा प्रेक्षकाच्या आत आणखी एक चित्रपट चालू असतो: त्याच्या गावात काय घडलं, घरात कशाबद्दल बोललं गेलं, कशाबद्दल बोलायचं टाळलं गेलं, शाळेत कोणता इतिहास शिकवला गेला, यातून तयार झालेला. या दोन्हींच्या भेटीतून अर्थ तयार होतो. भिलाईसारख्या गावात ही भेट विशेष समृद्ध होऊ शकते, असं मला वाटतं. त्यामागची कारणं या गावाच्या इतिहासातच आहेत.

भिलाई आणि कोरियातलं पोहांग ही दोन्ही पोलादाची गावं. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. पहिल्या टप्प्याची क्षमता होती वर्षाला दहा लाख टन. पोहांगची कंपनी १९६८ मध्ये स्थापन झाली, १९७३ मध्ये तिथला पहिला टप्पा पूर्ण झाला, आणि त्याचीही क्षमता दहा लाख टनांच्या घरातच होती. त्याच्या उभारणीत जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशाचा मोठा वाटा होता. दोन्ही ठिकाणी पोलाद हे राष्ट्र उभारणीचं प्रतीक मानलं गेलं. दोन्ही ठिकाणी लोकांना सांगितलं गेलं की आज घाम गाळा, उद्याचा देश तुमचा आहे. फरक इतकाच की, भिलाई उभी राहिली ती निवडून आलेल्या सरकारच्या काळात, आणि पोहांग उभं राहिलं पार्क चुंग-ही या लष्करशहाच्या राजवटीत. कोरियन राजकीय चित्रपटांमधला कारखाना, वसतिगृह, ओव्हरटाइम, देशासाठी राबण्याची भाषा हे सारं बीएसपीच्या, म्हणजे भिलाई स्टील प्लांटच्या टाउनशिपमध्ये वाढलेल्या माणसाला म्हणूनच चटकन ओळखू येतं. ‘अ टॅक्सी ड्रायव्हर’चा नायक सौदी अरेबियात राबून आलेला आहे. रस्त्यावर निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर तो सुरुवातीला चिडतो, कारण कष्टाने वर येण्यावर त्याची श्रद्धा आहे. हा माणूस आपल्या सेक्टरमधल्या कितीतरी क्वार्टरांत राहून गेला आहे.

पण भिलाई ही एकच वस्ती नाही. इथे भारतभरातून आलेली माणसं आहेत, म्हणून तिला लघु भारत म्हणतात. तरीही टाउनशिपमधले सेक्टर आणि बाहेरच्या कॅम्प वस्त्या यांच्यात केवळ रस्त्याचं अंतर नाही. संयंत्रातला कायम नोकरदार आणि आसपासच्या खाजगी कारखान्यांत ठेक्यावर राबणारा कामगार यांनी एकाच गावात दोन वेगळी आयुष्यं काढली. दल्ली-राजहऱ्यात ठेक्यावरच्या खाणकामगारांच्या आंदोलनावर २ आणि ३ जून १९७७ रोजी गोळीबार झाला आणि ११ जण मरण पावले. निवडणुका होऊन आणीबाणी उठल्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने होत होते. त्याच आंदोलनातून पुढे आलेले कामगार नेते शंकर गुहा नियोगी २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत असताना गोळी घालून मारले गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ मध्ये गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप झाली, बाकी सारे आरोपी सुटले. आणि १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्टेशनच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधराहून अधिक कामगार त्यात गेले. त्यांच्या मागण्या जगावेगळ्या नव्हत्या. कामावरून काढलेल्यांना परत घ्या, आठ तासांचा दिवस द्या, जगता येईल इतकी मजुरी द्या, संघटना करू द्या.

हे ज्याच्या घरात घडलं, तो पार्क क्वांग-सू यांचा ‘अ सिंगल स्पार्क’ (१९९५) वेगळ्या डोळ्यांनी पाहील. सोलच्या प्योंगह्वा बाजारातल्या शिवणकाम कामगारांसाठी झगडणाऱ्या चॉन ते-इल या २२ वर्षांच्या तरुणाने १३ नोव्हेंबर १९७० रोजी स्वतःला पेटवून घेतलं. कामगार कायद्याचं पुस्तक त्याने सोबत घेतलं होतं. तो कायदा अस्तित्वात होता. बाजारातल्या कोंदट माळ्यांवर शिवणयंत्रांपुढे बसलेल्या मुलींपर्यंत मात्र तो कधी पोहोचलाच नव्हता. ‘कायदा आहे, पण आमच्यासाठी नाही’ हे कॅम्पमधल्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायला नको. सेक्टरमधल्या प्रेक्षकाला हाच चित्रपट कदाचित दूरच्या, गरीब काळातल्या कोरियाची गोष्ट वाटेल. दोन्ही वाचनांमागे पाहणाऱ्याची जागा उभी आहे. म्हणून सांस्कृतिक पार्श्वभूमीचा विचार करताना आपण देश आणि भाषा यांच्यापाशी थांबू नये. एकाच गावातली दोन घरंही दोन वेगळे प्रेक्षक घडवतात.

‘द अटर्नी’ (२०१३) हा या भागातल्या प्रेक्षकाला सर्वांत जवळचा वाटावा असा चित्रपट आहे. बुसान शहरात १९८१ मध्ये पुस्तकं वाचणाऱ्या तरुणांना पकडून, छळ करून त्यांच्यावर राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली खटला भरण्यात आला. पैसा कमावण्यात रमलेला एक वकील ओळखीच्या खाणावळवालीच्या मुलासाठी त्या खटल्यात उभा राहतो आणि बदलून जातो. न्यायालयात ई. एच. कार या इतिहासकाराचं पुस्तक पुरावा म्हणून पुढे येतं. छत्तीसगडच्या प्रेक्षकाला इथे डॉ. बिनायक सेन आठवल्याशिवाय राहत नाहीत. दल्ली-राजहऱ्याच्या शहीद हॉस्पिटलच्या उभारणीत सहभागी असलेले हे डॉक्टर २००७ मध्ये अटकेत गेले आणि डिसेंबर २०१० मध्ये रायपूरच्या न्यायालयाने त्यांना राजद्रोहाखाली जन्मठेप सुनावली. एप्रिल २०११ मध्ये जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने विचारलं होतं की घरात गांधीजींचं आत्मचरित्र सापडलं म्हणून कुणी गांधीवादी ठरतो का. ‘द अटर्नी’मधला न्यायालयीन युक्तिवाद ऐकताना हा प्रश्न आपोआप कानात घुमतो.

आता मराठी प्रेक्षकाकडे वळू. भिलाई, दुर्ग आणि रायपूरचा मराठी माणूस बहुधा विदर्भातून आलेला आहे. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडचा आणि नागपूरचा संबंध आहे. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून रतनपूरहून इथला कारभार पाहिला. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानीही नागपूरच होती. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्यांनी हे नातं जिवंत ठेवलं. या माणसाच्या मनातला राजकीय चित्रपट म्हणजे जब्बार पटेल यांचे ‘सामना’ आणि ‘सिंहासन’. दोन्ही विजय तेंडुलकरांनी लिहिलेले, आणि ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर आधारलेला. त्यांनी मराठी माणसाला सत्तेच्या वाड्यातला डावपेच ओळखायला शिकवलं. साखरसम्राटाच्या बैठकीत, मंत्र्यांच्या बंगल्यात, फोनवर चाललेलं राजकारण. पुढे चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने न्यायालयाचं राजकारण दाखवलं: तारखा, कंटाळा, चुकलेले पंचनामे आणि त्यात अडकलेला म्हातारा लोकशाहीर.

या संस्कारांचा फायदा मोठा आहे. ‘द मॅन स्टँडिंग नेक्स्ट’मध्ये पार्क चुंग-ही यांच्या दरबारातली माणसं एकमेकांवर पाळत ठेवतात, साहेबाचा मूड ओळखून बोलतात, ते ‘सिंहासन’ पाहिलेल्या माणसाला लगेच उमगतं. पण हाच संस्कार अडथळाही होतो. ‘कोर्ट’च्या थंड, कोरड्या सुराची सवय झालेल्याला ‘द अटर्नी’मधली वकिलाची भाषणं आणि डोळ्यांतलं पाणी अतिरेकी वाटू शकतं. कोरियन प्रेक्षकाला ते तसं वाटत नाही. पडद्यावरचा वकील रो मू-ह्यून यांच्या आयुष्यावरून घेतला आहे, ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि २००९ मध्ये त्यांनी आत्महत्या केली, हे त्याला ठाऊक असतं. चित्रपटगृहातल्या एक कोटीहून अधिक प्रेक्षकांपैकी अनेकांसाठी ते पाणी त्यांच्या स्वतःच्या शोकाचं होतं. हे कळलं की भाषणाची उंची वेगळी भासू लागते.

इथे मला या पुस्तकामागचं मुख्य म्हणणं सांगायचं आहे. परक्या देशाचा राजकीय चित्रपट पाहताना आपल्याला आधी साम्य दिसतं, आणि ते दिसणं आवश्यकच असतं. साम्य दिसलं नाही तर माणूस पुढे पाहतच नाही. पण चित्रपट खरा समजायला लागतो तो साम्य जिथे संपतं तिथून. तिथे थांबून ‘हे आपल्याकडे असं का नाही’ असं विचारणारा प्रेक्षक दोन्ही देशांविषयी काहीतरी शिकतो. पुढे न जाणारा प्रेक्षक कोरियाच्या आरशात फक्त स्वतःलाच पाहून परततो.

असे थांबे कुठे येतात? पहिला थांबा लाल रंगाचा. भिलाई रशियन अभियंत्यांच्या मदतीने उभी राहिली, इथल्या मुलांनी मैत्री बागेत सुट्ट्या घालवल्या, लाल झेंड्याच्या युनियनने गेट मीटिंगा घेतल्या. कम्युनिस्ट हा इथे शेजारी राहणारा माणूस होता, मग त्याचं म्हणणं पटो वा न पटो. कोरियात मात्र आधीच दुभंगलेल्या देशात १९५० ते १९५३ च्या युद्धाने घरं फुटली, आणि १९४८ चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आजही लागू आहे. ‘१९८७: व्हेन द डे कम्स’मधला क्रूर पोलीस अधिकारी उत्तरेतून पळून आलेला आहे. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं कुटुंब मारलं गेलं होतं. या एका तपशिलाने त्याची क्रूरता क्षम्य होत नाही, पण ती कुठून आली ते कळतं. आपल्याकडे ‘नक्षलवादी’ या शिक्क्याने जे होतं, ते तिथे ‘लाल’ या शिक्क्याने अख्ख्या देशात चाळीस वर्षं होत राहिलं, हे समजून घेतलं की छळकोठडीतली दृश्यं केवळ दुष्टांची गोष्ट राहत नाहीत.

दुसरा थांबा सैनिकाचा. आपल्याकडे सैन्यात भरती ऐच्छिक आहे आणि सैनिक सीमेवरचा म्हणून मनात वसलेला आहे. कोरियात जवळजवळ प्रत्येक तरुण सक्तीची लष्करी सेवा करतो. म्हणून ग्वांगजूच्या रस्त्यावर गोळी झाडणारा आणि गोळी खाणारा एकाच घरातले असू शकतात, ही भीती तिथल्या प्रेक्षकाच्या मनात असते. ली चांग-डोंग यांच्या ‘पेपरमिंट कँडी’त नायक असाच एक कोवळा शिपाई आहे. ग्वांगजूत त्याच्या हातून एक शाळकरी मुलगी मारली जाते, आणि पुढे तोच छळ करणारा पोलीस होतो. चित्रपट काळ उलटा चालवत शेवटी त्याच्या निष्पाप तारुण्यापाशी येतो. बस्तरमध्ये सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेच्या काळात गावातल्याच पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. छत्तीसगडच्या प्रेक्षकाने ‘पेपरमिंट कँडी’ पाहताना बस्तरची ती पोरं डोळ्यांपुढे आणावीत.

तिसरा थांबा प्रदेशाचा. पार्क चुंग-ही आणि त्यांच्यानंतर सत्ता बळकावणारे लष्करशहा चुन डू-ह्वान दोघेही ग्योंगसांग भागातले. पोहांग, उल्सान यांसारखी औद्योगिक गावं त्याच भागात उभी राहिली आणि ग्वांगजूचा जोल्ला भाग मागे पडला. विरोधी नेते किम डे-जुंग जोल्लाचे. मे १९८० मध्ये त्यांना अटक झाल्याच्या बातमीने ग्वांगजूचा संताप वाढला. विदर्भातून आलेल्या आणि भोपाळच्या राज्यात कित्येक दशकं छत्तीसगडकडे झालेलं दुर्लक्ष पाहिलेल्या माणसाला हे राजकारण समजावून सांगावं लागणार नाही. मात्र त्याला हेही जाणवायला हवं की इथे पोलादाचं गाव दुर्लक्षित प्रदेशातच उभं राहिलं. भिलाईचा प्रेक्षक एकाच वेळी पोहांगचाही आहे आणि ग्वांगजूचाही. अशी दुहेरी जागा फार थोड्यांना मिळते.

‘अ टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये वाटला जाणारा भाताचा गोळा हाही साम्य जिथे संपतं तिथला एक तपशील. आपल्याला तो साधा पाहुणचार वाटतो. कोरियन प्रेक्षकाला त्यात मे १९८० मध्ये बाजारातल्या बायकांनी वेढलेल्या शहरातल्या लोकांसाठी वळलेले भाताचे गोळे दिसतात. ग्वांगजूच्या एकजुटीची ती खूण आहे. नायक परतीच्या वाटेवरून माघारी का वळतो, याचं उत्तर त्या घासात आहे.

चौथा आणि सर्वांत मोलाचा थांबा मताचा. ‘१९८७’ ही छळात मेलेल्या पार्क जोंग-चोल या विद्यार्थ्याच्या प्रकरणातून उसळलेल्या लोकलाटेची गोष्ट आहे. १४ जानेवारी १९८७ रोजी तो गेला. मृतदेह शवविच्छेदनाशिवाय जाळायला एका सरकारी वकिलाने नकार दिला, पत्रकारांनी बातमी फोडली, मे महिन्यात कॅथॉलिक धर्मगुरूंनी लपवाछपवी उघड केली. ९ जूनला ली हान-योल अश्रुधुराच्या नळकांड्याने जखमी झाला. २९ जूनला राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक घेण्याचं राज्यकर्त्यांनी मान्य केलं. हा सगळा लढा त्या एका मतासाठी होता. १९७२ पासून कोरियन माणसाला आपला राष्ट्राध्यक्ष थेट निवडता येत नव्हता. आपण मात्र १९५१-५२ पासून मतदान करत आलो. १९७७ मध्ये मतपेटीने सरकार पाडलं. म्हणून आपला प्रश्न ‘न्यूटन’सारखा असतो: मत मिळालं, पण त्याने वस्तीतल्या माणसाचं काय बदललं? ‘१९८७’मध्ये मताचा हक्क नसलेल्यांची तळमळ आहे, ‘न्यूटन’मध्ये तो हक्क मिळूनही रिकाम्या हातांनी उभ्या राहिलेल्यांची शांतता. हे दोन चित्रपट पाठोपाठ पाहावेत, असा माझा आग्रह आहे. लोकशाहीबद्दल एवढं शिकवणारी दुसरी जोडी मला माहीत नाही.

कोरियन प्रेक्षकही एकजिनसी नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. पार्क चुंग-हींच्या काळात भाकरी मिळाली म्हणून कृतज्ञ असलेली पिढी आणि १९८७ च्या रस्त्यावर उतरलेली पिढी एकाच चित्रपटगृहात शेजारी बसते. २०२३ मध्ये ‘१२.१२: द डे’ने १९७९ मधला चुन डू-ह्वान यांचा लष्करी उठाव दाखवला आणि १ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. पुढच्याच वर्षी, ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला तेव्हा लोक संसदेकडे धावले, आणि १९० खासदारांच्या मतांनी काही तासांतच तो रद्द झाला. त्या रात्रीचं श्रेय चित्रपटाला देता येणार नाही. पण पडद्यावर जपलेली आठवण समाजाच्या अंगात किती ताजी राहते, हे त्या रात्री दिसलं.

एक सावधगिरीही सांगतो. चित्रपट म्हणजे इतिहास नव्हे. ग्वांगजूची दृश्यं जगापुढे आणणाऱ्या युर्गेन हिंझपेटर या पत्रकाराला घेऊन जाणारे किम सा-बोक पडद्यावरच्या नायकासारखे अजाण नव्हते, हे चित्रपट प्रदर्शित झाल्यावर त्यांच्या मुलाने पुढे येऊन सांगितलं. सामान्य माणूस जागा होतो, ही गोष्ट प्रेक्षकाला हवी असते, म्हणून ती तशी रचली जाते. आपल्यालाही ती आवडते. का आवडते, हे तपासणं हा प्रेक्षक म्हणून वाढण्याचा भाग आहे.

शेवटी एक फरक मनाला लावून घ्यावा असा. कोरियात ग्वांगजूवर लाखोंनी पाहिलेले चित्रपट निघाले, त्याआधी १९८८ मध्ये संसदेतली चौकशी लोकांनी टीव्हीवर पाहिली, १९९५ मध्ये विशेष कायदा झाला, १९९६ मध्ये चुन डू-ह्वान दोषी ठरले आणि १९९७ पासून १८ मे राष्ट्रीय स्मृतिदिन झाला. समाजाने आधी मान्य केलं, मग पडद्याने ते लाखोंपर्यंत नेलं. पॉवर हाऊसच्या रुळांवर १ जुलै १९९२ ला जे घडलं, त्याची आठवण दरवर्षी कामगार जागवतात, त्यावर लिहिलंही गेलं, पण ते अजून मोठ्या पडद्यावर लाखो प्रेक्षकांपुढे आलेलं नाही. कोरियन चित्रपट पाहून भिलाईतल्या तरुणांनी ग्वांगजूसाठी हळहळावं, इतकीच अपेक्षा मी ठेवत नाही. त्यांनी आपल्या आईवडिलांना, शेजारच्या निवृत्त कामगाराला, कॅम्पमधल्या दुकानदाराला त्या दिवसाबद्दल विचारावं, ऐकलेलं लिहून ठेवावं, जुनी कात्रणं जपावीत. ग्वांगजूवर चित्रपट बनू शकला, कारण साक्षी जपून ठेवणारी माणसं तिथे होती. ती माणसं इथेही आहेत. त्यांच्याकडे आता जायला हवं.